कोकणातल्या उन्हाळ्यात कोणती वाइन घ्यावी, कशी गार करावी, कशाबरोबर प्यावी

मे महिन्यात मालवणला, गुहागरला किंवा हर्णैला घर भाड्याने घेतलेल्या मंडळींच्या टेबलावर बहुधा दोनच गोष्टी दिसतात. खोकंभर बिअर, नाहीतर कुणीतरी हौसेने पुण्याहून डिकीत घालून आणलेली महागडी लाल वाइन. बिअरबद्दल माझी काही तक्रार नाही. ती लाल बाटली मात्र कोमट झालेली असते, समोर झणझणीत बांगडा असतो आणि दोन घोटांत ‘वाइन काय आपल्याला जमत नाही बुवा’ असा निकाल लागतो. यात वाइनचा दोष थोडा आणि निवडीचा फार. कोकणच्या हवेला आणि कोकणच्या वाटपाला, म्हणजे नारळ-मसाल्याच्या वाटणाला, चालणारी वाइन निराळीच असते. ती आपल्याच राज्यात होते आणि बऱ्याचदा त्या लाल बाटलीच्या निम्म्या पैशांत मिळते.

आधी काय हवंय ते ठरवा

किनाऱ्यावर उन्हाळ्यात पारा फार चढत नाही. तेहेतीस-चौतीसच्या आसपास रेंगाळतो. त्रास होतो तो दमटपणाचा, कारण घाम वाळतच नाही. अशा हवेत जास्त अल्कोहोलची वाइन पटकन जड वाटते. म्हणून दुकानात बाटली हातात घेतली की पहिल्यांदा लेबलवरचा अल्कोहोलचा टक्का वाचा. साडेअकरा ते तेरा असेल तर ठीक. चौदाच्या पुढची बाटली थंडीसाठी राहू द्या.

दुसरी गोष्ट आंबटपणा. आपल्या जेवणात कोकम, कैरी, चिंच, लिंबू यांपैकी काहीतरी असतंच. जेवण वाइनपेक्षा जास्त आंबट झालं की वाइन पाणचट लागते. त्यामुळे घोट घेतल्यावर तोंडाला पाणी सुटेल अशीच वाइन घ्यायची.

तिसरी गोष्ट किंचित गोडी. इथे बरेच जण नाक मुरडतात. ‘ड्राय’, म्हणजे गोडी नसलेली ‘कोरडी’ वाइन ही उच्च अभिरुची आणि गोडसर म्हणजे नवशिक्याचं पेय, असं कुणीतरी आपल्या डोक्यात भरवून ठेवलंय. मालवणी मसाल्यापुढे हा तोरा चालत नाही. तोंडात उष्णता आणि तिखट या दोन्हींची जाणीव एकाच प्रकारच्या संवेदकांकडून होते, आणि अल्कोहोल त्या संवेदकांना आणखी हळवं करतं. तिखट खाऊन कडक, कोरडी वाइन प्यायलात तर आग भडकते. थोडी साखर आणि भरपूर गारवा असेल तर ती निवते.

टाळायच्या गोष्टीही दोनच. पहिली टॅनिन, म्हणजे लाल वाइनमध्ये द्राक्षाच्या सालीबियांतून उतरणारा, कच्च्या जांभळासारखा जीभ ओढून धरणारा तुरटपणा. मिरचीबरोबर तो कडवट होतो. दुसरी म्हणजे ओकच्या पिंपात मुरवल्याची चव. ओल्या नारळाच्या रसावर ती पाहुण्यासारखी न बसता मालकासारखी बसते. पांढऱ्या वाइनच्या लेबलवर ‘ओक’ लिहिलेलं असेल तर या मोसमात ती शेल्फवरच राहू द्या.

पैसे कुठे वाचतात

परदेशी वाइनवर भारतात मूळ आयात शुल्कच वर्षानुवर्षं १५० टक्के राहिलं. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारानंतर तिथल्या ठरावीक किमतीवरच्या बाटल्यांसाठी ते थोडं उतरलं. पण अगदी स्वस्त बाटल्यांना त्या सवलतीचा उपयोग नाही. हिशेब सरळ आहे. पंधराशे रुपयांना मिळणारी परदेशी वाइन तिच्या देशात अगदी साधी, रोजची बाटली असते. तुमचे पैसे बाटलीतल्या मालापेक्षा कागदपत्रांवर जास्त जातात.

महाराष्ट्रातल्या वाइनचं गणित याच्या उलट. राज्याने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं आणि राज्यातल्या द्राक्षांपासून राज्यातच केलेल्या वाइनला करात मोठी सवलत दिली. नाशिक आणि सोलापूरकडची वाइन राज्यात जितकी परवडते तितकी ती दिल्ली-बंगळूरला परवडत नाही. ५०० ते १००० रुपयांच्या पट्ट्यात उन्हाळ्यासाठी लागणारं जवळजवळ सगळं मिळतं. त्याच्या खालीही बाटल्या आहेत. त्या सोडा घालून प्यायला बऱ्या, नुसत्या नाहीत.

आता सावंतवाडी, वेंगुर्ल्याकडच्या मंडळींना आणि गोव्याहून परतणाऱ्यांना सुचणाऱ्या कल्पनेविषयी. गोव्यात बाटली स्वस्त मिळते हे खरं. पण परराज्यातली दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं हा गुन्हा आहे, आणि इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या तपासल्या जातात. दोनशे रुपये वाचवायला तो ताप घेऊ नये. शिवाय गोव्यात ‘पोर्ट वाइन’ म्हणून जे गोड, लाल पेय मिळतं ते माशांबरोबर अजिबात जात नाही. ज्यांना आवडतं त्यांनी ते जेवणानंतर बर्फ घालून प्यावं.

साल वाचायला शिका

युरोपात द्राक्षं ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये तोडतात. आपल्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी. वाइनची द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये हाती येतात. त्यामुळे लेबलवरच्या सालाचा अर्थ इथे थोडा वेगळा लागतो. या उन्हाळ्यात गेल्या वर्षीचं साल छापलेली पांढरी वाइन घेतलीत तर ती जेमतेम सव्वा वर्षाची असते, म्हणजे अगदी योग्य. दोन वर्षांपूर्वीची चालेल. तीन-चार वर्षं जुनी, हजाराच्या आतली पांढरी किंवा गुलाबी वाइन कितीही सवलतीत मिळाली तरी घेऊ नका. ‘वाइन जितकी जुनी तितकी चांगली’ हे या बाटल्यांना लागूच नाही. त्या ताज्या पिण्यासाठीच केलेल्या असतात, आणि आपल्या दुकानांतल्या उकाड्यात त्यांचं वय दुप्पट वेगाने वाढतं.

साल छापलेलं नसेल तर बाटली भरल्याची तारीख शोधा. मागच्या लेबलवर बारीक अक्षरांत असते.

कोणती घ्यायची

एकच बाटली घ्यायची असेल तर शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन. नाशिकच्या हवेत हे द्राक्ष चांगलं रुजलंय. पेरू, अननस, पिकलं सफरचंद असा वास येतो, आंबटपणा बेताचा असतो आणि बऱ्याच उत्पादकांची शेनिन मुद्दाम किंचित गोडसर ठेवलेली असते. नाशिकच्या सुला कंपनीची तशीच आहे. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या सुलाने २००० साली ज्या पहिल्या वाइन बाजारात आणल्या त्यांत शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ होत्या. आजही तालुक्याच्या गावातल्या दुकानात हमखास सापडतात त्या याच दोन. अकलूजच्या फ्रातेल्लीची शेनिन थोडी कोरडी लागते. नारळाच्या रसाबरोबर मला सुलाची बरी वाटते, तळलेल्या माशाबरोबर फ्रातेल्लीची.

सोव्हिन्यों ब्लाँही पांढरीच, पण जास्त आंबट आणि हिरव्या वासाची. कापलेलं गवत, हिरवी मिरची, लिंबाची साल यांची आठवण करून देणारी. कोथिंबीर-मिरचीची हिरवी चटणी जिथे असेल तिथे हिला पर्याय नाही. नुसती प्यायला मात्र काहींना फार टोकदार वाटते.

रोझे, म्हणजे गुलाबी वाइन. तिला ‘बायकांची’ म्हणून हसणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. कोंबडी-वड्यांपासून बांगड्यापर्यंत सगळ्यांशी जमवून घेणारी ही एकच वाइन आहे. यात दोन तऱ्हा असतात. सुलाची झिन्फांडेल रोझे गोडसर आणि स्वस्त. त्यांचीच सोर्स ग्रनाश रोझे कोरडी आणि थोडी महाग. ग्रोव्हर झाम्पा आणि फ्रातेल्ली यांच्याकडे शिराझ द्राक्षाची रोझे मिळते. घरात सगळे वेगवेगळं खाणारे असतील तर रोझे घ्या आणि मोकळे व्हा.

रीसलिंग ही आणखी एक पांढरी, दिसली तर सोडू नका. सुलाची रीसलिंग किंचित गोडसर आहे, आणि कुर्ल्यांच्या रश्शाबरोबर तिच्याइतकी चांगली बाटली या किमतीच्या आसपास मला माहीत नाही. निफाडजवळच्या रेव्हेलोची ग्रिलोही नाव लक्षात ठेवण्यासारखी आहे. ग्रिलो हे मूळचं सिसिलीचं, म्हणजे समुद्राने वेढलेल्या बेटावरचं द्राक्ष, आणि ते माशांबरोबर शोभतं यात नवल नाही. कोकणातल्या लहान गावांत ती सहसा मिळत नाही, पुण्या-मुंबईहून निघतानाच घ्यावी.

स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची वाइन, घ्यायची तर ‘ब्रुट’ लिहिलेली, म्हणजे जवळजवळ कोरडी. ही हजाराच्या वर जाऊ शकते. पण तळणीबरोबर तिच्या बुडबुड्यांचं आणि आंबटपणाचं काम इतकं चोख असतं की एका जेवणासाठी तेवढे पैसे घालावेत. सुलाची ब्रुट किंवा ब्रुट ट्रॉपिकाल, फ्रातेल्लीची ग्रान क्युव्हे, यॉर्कची स्पार्कलिंग, यांपैकी जी मिळेल ती. खर्च नको असेल तर कॅन आहेत. सुलाची दिया आणि फ्रातेल्लीची टिल्ट कॅनमध्ये येतात. खरं सांगायचं तर हे साधंसुधं, फसफसतं पेय आहे, त्यात फार खोली शोधू नये. पण ओसरीवर बसून तळलेल्या जवळ्याबरोबर प्यायला ते झकास, ग्लास-ओपनरची भानगड नाही आणि एकट्याला बाटली संपवण्याचं ओझंही नाही.

लाल हवीच असेल तर हलकी घ्या, ओकशिवायची घ्या आणि गार करा. त्याबद्दल पुढे.

दुकानात

वाइन शॉपपेक्षा कधीकधी बिअर शॉपी बरी पडते. तिथे वाइन विकायला परवानगी असते, फ्रिज मोठे आणि कडक गार असतात आणि माल पटापट फिरतो. दुकानात गेल्यावर काउंटरवरच्या शोकेसमधली बाटली घेऊ नका. ‘दादा, फ्रिजमधली द्या’ किंवा ‘आतल्या खोक्यातली द्या’ म्हणा. शोकेसमधल्या बाटलीने दोन उन्हाळे ट्यूबलाइटखाली उभ्याने काढलेले असू शकतात. रोझेची बाटली बहुधा पारदर्शक काचेची असते, तिच्यावर उजेडाचा परिणाम सगळ्यात लवकर होतो आणि वाइनला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येऊ लागतो.

बाटली हातात घेऊन चार गोष्टी बघा. झाकण फिरकीचं असेल तर उत्तम, निम्म्या चिंता तिथेच मिटतात. बुचाची असेल तर बूच वर सरकलेलं किंवा गळ्याशी चिकट ओघळ दिसतो का ते पाहा. तसं असेल तर ती वाइन कुठेतरी तापून फुगलेली आहे. वाइनची पातळी गळ्यापर्यंत हवी. आणि पांढरी वाइन फिकट पिवळी, हिरवट झाक असलेली हवी. सोनेरी-तपकिरीकडे झुकली असेल तर परत ठेवा.

किंमत एमआरपीपेक्षा जास्त देऊ नका. ‘कूलिंग चार्ज’ म्हणून दहा-वीस रुपये मागणारे असतात. किमान वय २१ आहे हे तरुण वाचकांसाठी सांगून ठेवतो, आणि ड्राय डे कधी आहे ते निघण्याआधीच बघून घ्या.

वाटेत आणि घरी

उन्हात बंद करून ठेवलेली गाडी आतून पन्नास अंशांच्या पुढे सहज जाते. कशेडीला चहाला थांबलात, चिपळूणला जेवलात आणि डिकीत वाइन आहे, तर ती तिकडे अक्षरशः शिजते. मासे आणायला जो थर्माकोलचा डबा वापरतो तोच जाताना वाइनला वापरा. तळाला दोन गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या, वर वाइन, वर जुना टॉवेल. परतताना त्याच डब्यातून सुरमई आणा. उलट क्रम मात्र करू नका, लेबलला आलेला माशाचा वास कशाने जात नाही.

मुक्कामी पोहोचल्यावर पांढरी, रोझे आणि स्पार्कलिंग किमान तीन तास फ्रिजमध्ये. दरवाज्यात नको, तिथे सतत उघडझाप असते. आतल्या खणात, आडवी. फ्रीझरमध्ये घालून विसरलात तर स्पार्कलिंगची बाटली फुटू शकते.

मेमध्ये वीज जाणार हे धरूनच चाला. अशा वेळी बर्फ. मासळीबाजाराजवळ लादी मिळते, पण ती बाटलीभोवती वापरायची, ग्लासात टाकायची नाही. बादलीत फोडलेला बर्फ भरा, बाटली बुडेल इतकं पाणी घाला आणि दोन-तीन मुठी खडेमीठ टाका. शिरोड्याकडे असाल तर मिठाची काय कमी! नुसत्या बर्फात बाटलीभोवती हवा राहते आणि गारवा पोचत नाही. पाणी ती जागा भरतं, आणि मिठामुळे ते पाणी शून्याच्याही खाली जातं. वीस मिनिटांत वाइन पिण्याजोगी होते, मध्ये एक-दोनदा बाटली गोल फिरवली तर त्याहून लवकर.

किती गार? स्पार्कलिंग ६ ते ८ अंश, पांढरी आणि रोझे ८ ते १०, हलकी लाल १४ ते १६. थर्मामीटर कुणाकडे असतो? बाटलीला हात लावल्यावर दव जमलेलं असावं आणि धरून ठेवावंसं वाटू नये, ही पांढरीची खूण. लाल वाइन ‘रूम टेंपरेचर’ला प्यावी हा सल्ला थंड देशांतल्या दगडी घरांसाठी होता. आपल्या खोलीचं तापमान ३२ असताना तो पाळला तर फक्त अल्कोहोलचा वास येतो. लाल बाटली तासभर फ्रिजमध्ये ठेवा, मग काढा.

ग्लास साधा काचेचा चालेल, स्टीलचा मात्र नको, त्यात वासच कळत नाही. एका वेळी थोडीच ओता, शंभर मिलीच्या आत. मोठा ग्लास भरून ठेवलात तर अर्धा संपेपर्यंत उरलेली कोमट होते. बाटली परत बर्फात. आणि प्रत्येकाच्या हाताशी पाण्याचा तांब्या. या हवेत तहान भागवायला वाइन पिऊ लागलात तर संध्याकाळ आठाच्या आत संपते. प्यायल्यावर समुद्रात उतरू नये आणि घाटात गाडी चालवू नये, हे इतक्या बातम्या वाचूनही दरवर्षी सांगावंच लागतं.

ताटात काय आहे त्यावरून

‘माशाला पांढरी, मटणाला लाल’ हा नियम आपल्याकडे अर्धवटच उपयोगी पडतो, कारण आपल्या मासळीची चव माशाइतकीच वाटपावर ठरते. तीच सुरमई तव्यावर एक असते आणि तिरफळाच्या रश्शात दुसरीच. म्हणून मासा कुठला ते नंतर विचारा, शिजवलाय कसा ते आधी.

तळलेलं सगळ्यात सोपं. रव्यात घोळवून तळलेले बोंबील, कोळंबी, मांदेली, काणे. वर कुरकुरीत, आत मऊ, मीठ-हळद-तिखट बेताचं. इथे स्पार्कलिंग ब्रुट ही माझी पहिली पसंती. बुडबुडे आणि आंबटपणा जिभेवरचं तेल धुऊन काढतात आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. मिठानेही वाइन जास्त गोल, जास्त फळांची लागते. तळणीत मीठ असतंच. ब्रुट नसेल तर गार शेनिन. पापलेट हिरवी चटणी भरून केलेलं असेल तर सोव्हिन्यों ब्लाँ, कारण तिच्यातला हिरवा वास चटणीच्या हिरव्या वासाला जाऊन मिळतो. सुरमईच्या तुकडीवर लिंबू पिळणार असाल तरीही सोव्हिन्यों. ती लिंबाला घाबरत नाही.

नारळाच्या रसातली आमटी, सार, कढी इथे खरी परीक्षा असते. रश्शात चार गोष्टी एकदम असतात, नारळाची स्निग्धता आणि गोडी, मिरचीचं तिखट, कोकमाचा आंबटपणा, आणि मागे धणे-मिरीचा मसाला. कोरडी वाइन यात हरवते. किंचित गोडसर शेनिन किंवा रीसलिंग घ्या. तिची गोडी तिखट निववते, आंबटपणा नारळाच्या जाडसरपणाला कापतो आणि फळांचा वास नारळाशी भांडत नाही. कोळंबीची आमटी आणि भात, बाजूला गारढोण शेनिन, ही जोडी पहिल्यांदा वाइन पिणाऱ्याला द्या. त्याला काही समजावून सांगावं लागणार नाही. कुर्ल्यांचा रस्सा असेल तर रीसलिंग, आणि बाटल्या दोन ठेवा, कारण कुर्ल्या फोडत बसलेली माणसं हळूहळू पण सतत पितात. ग्लासला हात लावायला एक ओलं फडकं जवळ असू द्या.

बांगडा, तारली यांसारखे तेलकट मासे आणि त्यांचं तिखलं, तिरफळ घातलेलं. इथे लाल वाइन हा मोठा घोटाळा. लाल वाइनमधलं लोह आणि माशातलं तेल एकत्र आलं की तोंडात धातूसारखी, शिळ्या माशासारखी चव मागे राहते. मासा पहाटे जाळ्यातून काढलेला असला तरी. बिचाऱ्या कोळणीला दोष जातो. तिखल्याबरोबर गोडसर रोझे उत्तम जाते. स्पार्कलिंग मला इथे आवडत नाही. तिरफळाने जिभेला झिणझिण्या येतात, वर बुडबुडे आले की काहीच कळेनासं होतं. बांगडा नुसता भाजलेला किंवा केळीच्या पानातला असेल, तिखट कमी असेल, तर कोरडी रोझे किंवा ग्रिलो.

तिसऱ्या, मुळे, कालवं या शिंपल्यांची स्वतःची खारट-गोड चव नाजूक असते. तिसऱ्यांचं सुकं खोबरं घालून केलं असेल तर फ्रातेल्लीसारखी कोरडी शेनिन किंवा सोव्हिन्यों. एकशिपी, म्हणजे एकच शिंपी ठेवून केलेल्या तिसऱ्या, कमी तिखट केलीत तर वाइनही दिसते आणि तिसऱ्याही.

कोंबडी-वडे. मालवणी मसाला, भाजलेलं खोबरं, कांदा, खसखस. भाजल्यामुळे चव गडद होते आणि पांढरी वाइन तिच्यापुढे पातळ वाटू लागते. रोझेचं राज्य इथे सुरू होतं, थोडी कोरडी, चांगली गार. लाल प्यायचीच असेल तर इथे किंवा मटणाच्या सुक्याबरोबर प्या. तरुण, ओकशिवायची शिराझ किंवा झिन्फांडेल, तासभर फ्रिजमध्ये ठेवलेली. शिराझमध्ये मिरीसारखा वास असतो, तो मालवणी मसाल्याशी ओळख दाखवतो. फार तिखट केलं असेल तर मात्र परत रोझेकडे या.

शाकाहारी ताट वाइनला जास्त सोपं असतं, हे फार कुणी सांगत नाही. ओल्या काजूची उसळ आणि शेनिन ब्लाँ ही कोकणच्या उन्हाळ्यातली अगदी राजेशाही जोडी. काजूचा मऊ, दुधाळ गोडवा आणि वाइनचा पेरू-अननसाचा वास एकमेकांना उचलून धरतात. ग्रोव्हर झाम्पा किंवा व्हालोने यांची व्हिओनिए ही पांढरी वाइन मिळाली तर तीही करून बघा, तिला फुलांचा वास असतो. कच्च्या फणसाची भाजी, वालाचं बिरडं यांना शेनिन. कुळथाच्या पिठीला रोझे. घावणे आणि खोबऱ्याची चटणी यांना संध्याकाळी फसफसता कॅन.

सोलकढी आणि वाइन एका घासाला नको. कोकमाचा आंबटपणा आणि लसूण दोन्ही मिळून वाइनला मारतात. वाइन संपवा, मग भात आणि सोलकढी घ्या, जेवणाचा शेवट तसाच असतो. सुकट, सुका बांगडा, खारा मासा यांच्याबरोबर मी वाइन काढतच नाही. तिथे बिअर जिंकते आणि तिला जिंकू द्यावं. लोणचं आणि ठेचाही वाइनच्या वेळी दूर.

हापूसबद्दल सगळे विचारतात. नियम असा की पदार्थापेक्षा वाइन गोड हवी. देवगडच्या पिकलेल्या आंब्यापुढे शेनिन प्यायलात तर ती लिंबाच्या पाण्यासारखी लागेल. त्यासाठी ‘लेट हार्वेस्ट’ शेनिन असते, वेलीवर जास्त दिवस ठेवून आकसलेल्या, साखर साठलेल्या द्राक्षांची. छोट्या बाटलीत मिळते आणि सहा जणांना एक पुरते. आंब्यापेक्षाही सांदणांबरोबर ती अधिक रंगते. आंबा नुसताच खावा हे माझं मत, पण आमच्याकडे यावर घरातच दुफळी आहे.

किती घ्यायच्या, उरली तर काय

७५० मिलीच्या बाटलीत दीडशे मिलीचे पाच ग्लास होतात, थोडी थोडी ओतलीत तर आठ. सहा जणांच्या दोन दिवसांच्या मुक्कामाला माझी यादी अशी: दोन शेनिन, एक सोव्हिन्यों, एक गोडसर रोझे, एक ब्रुट आणि सहा कॅन. पाच-सहा हजारांच्या आसपास होतं, म्हणजे माणशी हजारापर्यंत. काटकसर करायची तर ब्रुट गाळा आणि तिच्या जागी आणखी एक शेनिन घ्या. बेत मेच्या शेवटच्या आठवड्याचा असेल तर मासळीची किंमत आधी विचारून ठेवा. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते आणि त्याआधी भाव चढतात. वाइनवर वाचवलेले पैसे पापलेटवर जातात.

फसलेली, चव नसलेली बाटली निघाली तर ओतून देऊ नका. ग्लासात अर्धी वाइन, अर्धा सोडा, दोन कैरीच्या फोडी, भरपूर बर्फ. रोझे असेल तर चमचाभर अमृत कोकम. आगळ नको, ते खारट असतं. बर्फ घरच्या पाण्याचा.

उघडलेली पांढरी किंवा रोझे झाकण लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस चांगली राहते, स्पार्कलिंग दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, तेही घट्ट बूच असेल तर. तरीही तळाशी कपभर उरलीच, तर सकाळी खाडीतल्या तिसऱ्या आणा, वाळू निघेपर्यंत चांगल्या धुवा. पातेल्यात तेलावर पाच-सहा ठेचलेल्या लसणीच्या पाकळ्या आणि एक उभी चिरलेली हिरवी मिरची परता, उरलेली कोरडी पांढरी वाइन ओता, उकळी आली की तिसऱ्या घाला आणि झाकण ठेवा. तीन-चार मिनिटांत शिंपले उघडतात. न उघडलेले टाकून द्या. वर कोथिंबीर, मीठ चव बघूनच, आणि खाली उरलेला रस आंबोळीने पुसून घ्या.